तळाचा शिक्का नंतर बघा, आधी नक्षीमागची जमीन बघा: चिनी कोरीव काचेच्या तपकीर बाटल्यांबद्दल

प्रश्न थोडक्यात परत लिहितो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुम्ही नाशिकचे, एका ऑनलाइन साइटवर तुम्ही साधारण साडेसहा सेंटीमीटर उंचीची चिनी तपकिरीची बाटली बघितलीय, आतली काच पांढरट दाणेदार, तिच्यावर लाल काचेत कोरलेले दोन मासे आणि कमळाची पानं, दोन्ही खांद्यांवर सिंहाचं तोंड आणि त्यात अडकवलेली कडी, तळाला चार चिनी अक्षरं. सेलर शानडाँग प्रांतातला आहे आणि त्यानं लिहिलंय 'च्येनलुंग काळ, राजवाड्यातली वस्तू', किंमत आपल्या पैशात ४२,००० रुपये. तुम्ही विचारलंय की शिक्का खरा आहे का, बाटली घ्यावी का, आणि आत जो तपकिरी थर चिकटलेला दिसतोय तो काढायचा कसा.

मी हाँगकाँगला राहतो आणि चिनी काचेच्या छोट्या वस्तूंचं कॅटलॉगिंग आणि कंडिशन रिपोर्ट (वस्तूच्या स्थितीची नोंद) लिहिणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे सविस्तर लिहितोय, कारण या एका प्रकारात इतकी माणसं इतके पैसे घालवतात की बघवत नाही, आणि तेही मुख्यतः एकाच कारणानं, ते म्हणजे सगळे तळ उलटा करून शिक्का बघतात आणि तिथेच निर्णय घेऊन टाकतात.

तुमचा खरा प्रश्न 'खरी की खोटी' असा नाहीये. त्यात तीन वेगळे प्रश्न गुंतलेत. बाटली कधी बनली, कोरीव काम कोणत्या दर्जाचं आहे, आणि मागितलेली किंमत त्या दोन्हींशी जुळते का. आजची बनवलेली बाटलीसुद्धा अस्सल चिनी, अस्सल काचेची, अस्सल हातानं कोरलेली असू शकते, ती फक्त जुनी नसते. आणि उलट १८३० च्या आसपासची बाटली जुनी असूनही काम इतकं भरभर उरकलेलं असतं की संग्रहात ठेवावीशी वाटत नाही. मधला एक मोठा गट तर कोणी विचारातच घेत नाही, १८८० ते १९३० च्या दरम्यानच्या बाटल्या, तेव्हा तपकीर ओढायची सवय कमी होत गेली होती आणि गिऱ्हाईक म्हणून परदेशी प्रवासी आणि संग्राहक वाढले होते. त्या राजवाड्यातल्या नाहीत पण कालच्या कारखान्यातल्याही नाहीत.

आधी हेही सांगतो की फोटोंवरून छातीठोक निकाल देता येत नाही. प्रकाश, कॅमेरा, सेलरनं बाटली कशी धरलीय यावर फार काही अवलंबून असतं. तुम्ही टाकलेल्या फोटोंवरून माझं जे मत झालंय ते खाली येईलच, पण त्याआधी मी कसा विचार करतो ते सांगतो, ते तुम्हाला पुढच्या बाटलीलाही कामी येईल.

शिक्क्यापासूनच सुरू करू कारण तुमचं सगळं लक्ष तिथे आहे. तळाची चार अक्षरं म्हणजे 'च्येनलुंग राजवटीत बनवलेलं', च्येनलुंग हा चिनी बादशहा, त्याची राजवट १७३६ ते १७९५. आता गंमत अशी की राजवाड्याच्या कारखान्यातल्या काचेवर असे शिक्के असायचे हे खरंय, पण ते जास्त करून साध्या एकरंगी काचेवर आणि इनॅमलनं, म्हणजे भाजून पक्क्या होणाऱ्या काचेसारख्या रंगानं, रंगवलेल्या काचेवर दिसतात. दोन रंगांची, वरचा थर कोरून नक्षी काढलेली जी बाटली असते, आपण तिला ओव्हरले म्हणू, तिच्यावर बहुतेक वेळा शिक्का नसतोच, अगदी उत्तम बाटल्यांवरही नसतो. म्हणजे शिक्का नाही म्हणून वस्तू कमी दर्जाची असं नाही आणि शिक्का आहे म्हणून वस्तू जुनी असंही नाही. शिवाय शिक्का कोरायला एका कारागिराला फारसा वेळ लागत नाही, तो जुन्या बिनशिक्क्याच्या बाटलीवर शंभर वर्षांनी कोरता येतो आणि नव्या बाटलीवर आज कोरता येतो. माझ्या हाताखालून गेलेल्या ओव्हरले बाटल्यांमध्ये ज्यांच्यावर मोठा ठसठशीत च्येनलुंग शिक्का होता त्यातल्या बऱ्याच नव्या निघाल्या. म्हणून मी शिक्का शेवटी बघतो, बाकी सगळं पटलं तर मग त्या अक्षरांचं वळण आणि खोली तपासतो.

आता थोडा इतिहास, पण फक्त कामापुरता. तपकीर चीनमध्ये युरोपियन लोकांनी आणली, जेसुइट पाद्री दरबारात भेट म्हणून द्यायचे. १६८४ मध्ये कांग्शी बादशहा दक्षिणेच्या दौऱ्यावर नानजिंगला असताना जेसुइटांनी भेटी आणल्या, त्यातल्या बाकीच्या परत देऊन त्यानं तपकीर ठेवून घेतली अशी नोंद आहे. आपल्याकडे तपकिरीची डबी असते, युरोपातही डबीच, पण चीनमध्ये दमट हवेत डबीतली तपकीर लवकर ओली होते, तिथे औषधाच्या पुडी ठेवायच्या छोट्या बाटल्या आधीपासून होत्या, तीच पद्धत तपकिरीला लागू झाली. घट्ट बूच आणि बुचाला आतून जोडलेला बारीक चमचा, एवढंच यंत्र. १६९६ मध्ये कांग्शीनं बीजिंगमध्ये दरबारी काचकारखाना सुरू केला आणि तो उभा करायला किलियन श्टुम्फ नावाचा जर्मन जेसुइट होता. तिथे कामाला शानडाँगमधल्या बोशानचे आणि दक्षिणेकडच्या ग्वांगचौचे कारागीर आणले जायचे.

बोशान हे नाव लक्षात ठेवा कारण तुमच्या प्रश्नाशी त्याचा थेट संबंध आहे. ते गाव दरबारी कारखान्याच्या आधीपासून काच बनवतंय आणि आजही बनवतंय. बोशानची काच गारेची पूड, सोरा, चुनखडीचे दगड आणि काच दुधाळ करायला फ्लुओराइट अशा स्थानिक मालातून व्हायची. त्यामुळे 'शानडाँगहून आलीय' यावरून काहीच ठरत नाही, अठराव्या शतकातली काचही तिथली असू शकते आणि मागच्या महिन्यातलीही तिथलीच. काहीजण म्हणतात लॅबमध्ये नेऊन काचेतली द्रव्यं तपासा. तपासता येतात, पण साहित्याची ही परंपरा इतकी लांब आहे की एकट्या रसायनावरून साल काढता येत नाही, आणि ४२,००० च्या वस्तूसाठी तो खर्च परवडणारही नाही.

मग बघायचं काय? ही बाटली बनते कशी हे एकदा डोळ्यासमोर आलं की काय बघायचं ते आपोआप कळतं. काचकार लोखंडी नळीच्या टोकाला पांढऱ्या काचेचा गोळा घेतो, त्याला बाटलीचा आकार देतो, आणि मग मेणबत्ती करताना वात मेणात बुडवतात तसा तो आकार वितळलेल्या लाल काचेत बुडवतो. झाली लाल सालीची बाटली. दोन्ही काचा थंड होताना सारख्या प्रमाणात आकसायला हव्यात नाहीतर तडा जातो, शिवाय बाटली खूप हळू थंड करावी लागते. इथे काचकाराचं काम संपतं आणि कोरणाऱ्याचं सुरू होतं. कोरणारा जेडवर, म्हणजे चीनमध्ये मौल्यवान मानल्या जाणाऱ्या कडक दगडावर, काम करणाऱ्यांच्या परंपरेतला. त्याच्याकडे पायानं पट्ट्या दाबून पुढेमागे फिरवायचं चाक असतं, त्याला लोखंडी चकत्या लावलेल्या असतात, चकतीवर ओली कुरुंदाची किंवा तामडीची पूड घालत राहायची आणि बाटली हातात धरून चकतीला टेकवायची. काच कापते ती पूड, चकती फक्त पूड फिरवते. म्हणजे शब्दशः बघितलं तर हे कोरणं नाहीच, झिजवणं आहे.

आणि झिजवायचं काय? मासा नाही, मासा तर राहायचा असतो. माशाच्या आजूबाजूचा सगळा लाल थर झिजवून पांढऱ्यापर्यंत पोचायचं. बाटलीवर नक्षी एक तृतीयांश असेल तर बाकी दोन तृतीयांश लाल काच दाणा दाणा करून काढून टाकलेली असते, आणि खाली जी पांढरी जमीन उघडी पडते ती बाटलीच्या गोलाईला धरून एकसारखी, खड्डे न पडता, लाटा न उठता यायला हवी. सगळी मेहनत तिथे आहे. साडीची जमीन चांगली नसेल तर बुट्टी कितीही छान असली तरी जाणकार बायका हातातून ठेवून देतात, इथेही तेच. मासा काढणं कोणालाही थोड्या सरावानं जमतं, माशाच्या कल्ल्याखालची आणि दोन पानांच्या मधली चिंचोळी जमीन त्याच उंचीवर, त्याच गोलाईत नेणं हे चांगल्या कारागिराचं लक्षण. म्हणून मी बाटली हातात घेतली की आधी नक्षीकडे बघतच नाही, ती तिरक्या प्रकाशात हळूहळू फिरवतो आणि पांढऱ्या जमिनीवरून प्रकाशाची रेघ कशी सरकते ते बघतो. रेघ सलग सरकली तर जमीन नीट आहे, रेघ थरथरली, तुटली, नक्षीच्या कडेला एकदम खाली गेली तर जमीन घाईत केलीय.

घाईत केली म्हणजे नवीन असं लगेच समजू नका. एकोणिसाव्या शतकातही स्वस्त बाजारासाठी घाईचं काम होत होतं. पण घाई कुठल्या हत्यारानं केलीय हे दिसतं आणि तिथे काळ सापडतो. आजच्या कामात डेंटिस्टकडे असतात तशा जोरात फिरणाऱ्या हिऱ्याच्या बिट वापरतात. तिच्या खुणा दहापट लेन्सखाली बघितल्या की कळतात, एकाच रुंदीचे, एकाच खोलीचे छोटे चर, बाजूबाजूला लागून, माशाच्या खवल्यांमध्ये किंवा पानांच्या शिरांमध्ये ते सगळे सारखेच दिसतात. जुन्या चाकाची रेघ सुरू होताना बारीक, मधे खोल आणि संपताना परत बारीक अशी होते, कारण गोल चकती वाकड्या पृष्ठभागाला टेकून उचललेली असते. दोन-चार चांगल्या बाटल्या लेन्सखाली बघितल्या की हा फरक डोळ्यात बसतो, वाचून तेवढा बसत नाही हे मान्य आहे.

दुसरी गोष्ट कडा. लाल काच जिथे संपते आणि पांढरी सुरू होते ती कड बाजूनं बघा. खऱ्या ओव्हरलेमध्ये लाल थराला जाडी असते, कड वरपासून खालपर्यंत लालच असते आणि जमिनीला मिळते तिथे रेघ स्वच्छ असते. उंच भागावरचा लाल गडद आणि जिथे थर पातळ राहिलाय तिथे फिकट गुलाबी, हेही साहजिक आहे. साच्यात दाबून काढलेल्या स्वस्त मालात नक्षी आधीच उठावाची येते आणि तिच्यावर रंग किंवा अगदी पातळ काच चढवलेली असते, तिथे कडा वितळल्यासारख्या गोल दिसतात, टोकांवर रंग विरळ होतो आणि बाजूला साच्याची उभी शिवण सापडते. असा माल एकदा ओळखला की परत फसत नाही माणूस. अवघड प्रकार वेगळाच, जिथे काम हातचंच आहे पण शेवटी पॉलिश करायचे कष्ट वाचवायला ॲसिडमध्ये बुडवलंय. ॲसिड सगळीकडे सारखंच चाटतं. त्यामुळे खोल खाचेतली चमक आणि उंच भागावरची चमक एकसारखी होते आणि सगळ्या बारीक कडा जराशा मऊ पडतात. हातानं पॉलिश केलेल्या जुन्या बाटलीत हात जिथे पोचला तिथे चमक आणि अगदी अरुंद खाचेत थोडा मंदपणा, असा फरक राहतोच. एकसारखी ओली चमक दिसली की मी सावध होतो.

तिसरी गोष्ट तळ, म्हणजे शिक्का नाही हां, तळाची कड. चांगल्या बाटलीला खाली लाल काचेचीच उभी रिंग कोरून काढलेली असते, तिची आतली बाजू आणि बाहेरची बाजू दोन्ही नीट घासलेल्या असतात, आणि रिंगच्या आतला भाग किंचित खोलगट असतो. जिथे कोणी बघणार नाही तिथे कारागिरानं किती कष्ट घेतलेत यावर मी फार भर देतो. नव्या मालात बऱ्याचदा रिंग जाडजूड, एका बाजूला रुंद, आतल्या कोपऱ्यात हत्याराचे चरे तसेच, आणि मधे मात्र शिक्का एकदम रेखीव. ही विसंगतीच सगळं सांगते.

झिजेबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. लोक म्हणतात तळावर घासल्याचे ओरखडे नाहीत म्हणजे नवी. या बाटल्या टेबलावर ठेवायच्या वस्तू नव्हत्या, त्या कमरेच्या छोट्या बटव्यात किंवा अस्तनीत असायच्या, तळ टेकायचा कमी. त्यामुळे अस्सल जुन्या बाटलीचा तळ बराच स्वच्छ असू शकतो. उलट तळाला एकाच दिशेनं गेलेले समांतर ओरखडे असतील तर ते कोणीतरी पॉलिशपेपरवर घासून आणलेत. खरे ओरखडे बारीक, वेगवेगळ्या दिशांनी गेलेले, काही खोल काही उथळ असे असतात. तोंडाच्या कडेला मात्र मी नीट बघतो कारण बूच हजारदा निघतं आणि बसतं, तिथे बारीक टवके आणि गुळगुळीत झालेली आतली कड दिसायला हवी.

बुडबुड्यांबद्दल पण तेच. काचेत बुडबुडे आहेत म्हणून जुनी, हे बाजारातलं आवडतं वाक्य आहे आणि ते कामाचं नाही. आजही हातानं फुंकलेल्या काचेत बुडबुडे येतात. तुमच्या बाटलीची जी दाणेदार पांढरी काच आहे तिला संग्राहक बर्फाची जमीन म्हणतात, पारदर्शक काचेत पांढरे कण आणि बुडबुडे मुद्दाम विखुरलेले असतात, आणि त्यावर लाल हे सगळ्यात जास्त दिसणारं कॉम्बिनेशन आहे. जुन्यातही सगळ्यात जास्त आणि नकलांमध्येही सगळ्यात जास्त. कोरताना पृष्ठभागावर एखादा बुडबुडा उघडा पडला तर तो खड्डा म्हणजे डॅमेज नाही, हे पण लक्षात ठेवा, कंडिशन रिपोर्टमध्ये आम्ही तो वेगळा लिहितो.

थोडं प्रकारांबद्दल, कारण तुम्ही पुढे बघालच. लाल सोडून निळी, हिरवी, काळी, पिवळी ओव्हरलेही असते. काही बाटल्यांत एकावर एक दोन थर असतात, समजा पांढऱ्यावर पिवळा आणि त्यावर लाल, आणि कोरणारा एकाच फुलात तिन्ही रंग उघडे करतो. हे फार अवघड आहे कारण कुठे थांबायचं हे थराच्या जाडीवर ठरतं आणि थर सगळीकडे सारखा नसतो. दुसऱ्या प्रकारात पांढऱ्या बाटलीवर वेगवेगळ्या रंगांच्या काचेचे गोळे शेजारी शेजारी चिकटवून एकाच पातळीत कोरतात, त्यामुळे फूल गुलाबी, पान हिरवं, पक्षी निळा असं होतं. एकोणिसाव्या शतकातला एक गट आहे, ज्यात चित्रासोबत कविता आणि लाल शिक्क्याची चौकट कोरलेली असते, त्याला सील स्कूल म्हणतात आणि त्याचा संबंध यांगचौ शहराशी जोडतात, तिथल्या ली च्युनथिंग या कारागिराचं नाव काही बाटल्यांवर येतं. मला हा गट मनापासून आवडतो. थर इतका पातळ असतो की चित्र कागदावर शाईनं काढल्यासारखं वाटतं आणि तरी बोट फिरवलं की उठाव लागतो. तुमचं बजेट मध्यम असेल आणि घाई नसेल तर माझ्या मते राजवाड्याच्या नावामागे धावण्यापेक्षा या गटातली, एखादा टवका उडालेली का होईना पण चांगल्या हातची बाटली शोधा.

आता तुमच्या बाटलीकडे. चार फोटो आहेत, त्यातला तिसरा, माशाच्या शेपटीचा, सगळ्यात उपयोगी. शेपटीच्या दोन टोकांच्या मधली जमीन बघा, ती बाहेरच्या जमिनीपेक्षा वर राहिलीय आणि तिथे गुलाबी झाक आहे, म्हणजे लाल थर पूर्ण काढलाच नाही. खवल्यांचे चर सगळे एका मापाचे आहेत. सिंहाच्या तोंडाखालची कडी बघितली तर कडीच्या आतला भाग एका गोल बिटनं भोक पाडल्यासारखा दिसतोय, चांगल्या बाटलीत तिथे कडीच्या आतली जमीनसुद्धा बाटलीच्या अंगाशी जुळलेली असते. खाली शिक्का मात्र सुंदर. चमक सगळीकडे एकसारखी आहे पण ती फोटोच्या लाइटमुळेही असू शकते म्हणून मी तिला वजन देत नाही. एवढ्यावरून माझं मत, बाटली हातानं कोरलेली आहे, काच दोन थरांचीच आहे, आणि ती अलीकडच्या काळातली आहे. राजवाड्याची नक्कीच नाही. वस्तू हातात आली आणि काही वेगळं दिसलं तर मी मत बदलेन, पण पैसे लावायचे तर मी या मतावर लावेन.

याला दुजोरा देणारी एक गोष्ट कायद्यातून येते आणि ती फार थोड्यांना माहीत असते. चीनच्या २००७ च्या निकषांनुसार १९११ च्या आधी बनलेल्या सांस्कृतिक वस्तू मुख्य भूमीवरून बाहेर पाठवायला बंदी आहे. मग शानडाँगमधला सेलर च्येनलुंगच्या राजवाड्यातली बाटली तुम्हाला साध्या कुरियरनं नाशिकला कशी पाठवणार? एकतर तो कायदा मोडतोय, नाहीतर वस्तू जुनी नाही हे त्याला पक्कं माहीत आहे. दोन्ही बाजूंनी तुमचं नुकसानच. जुन्या बाटल्या घ्यायच्या तर त्या पूर्वीच बाहेर आलेल्या, ज्यांची आधीची पावती किंवा लिलावाची नोंद आहे अशा घ्याव्यात, हाँगकाँग, लंडन, न्यूयॉर्क इथले लिलाव त्यासाठीच बघतात लोक.

आपल्या बाजूचे पण दोन मुद्दे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू भारतातून खाजगी व्यक्तीला बाहेर नेता येत नाही, तेव्हा अस्सल जुनी बाटली भारतात आणली की पुढे ती परदेशात विकायचा विचार डोक्यातून काढायचा. आणि बुचाचा चमचा. जुने चमचे बऱ्याचदा हस्तिदंताचे असतात. हस्तिदंताच्या व्यापारावर आपल्याकडे बंदी आहे, आयात केलेला असला तरीसुद्धा. चमचा कशाचा आहे हे सेलरला लेखी विचारा, हस्तिदंत असेल तर मागवूच नका, चमचा काढून फक्त बाटली पाठवणारे विक्रेतेही आहेत. बूच मूळचं आहे का याची मात्र फार काळजी करू नका, बुचं हरवतात, तुटतात, बदलली जातात, बहुतेक जुन्या बाटल्यांची बुचं नंतरचीच असतात आणि किंमत बाटलीची असते.

किमतीबद्दल तुम्ही लिहिलंय की इंटरनेटवर एका बाटलीला कोट्यवधी मिळाल्याचं वाचलं. ते खरं आहे, मेरी आणि जॉर्ज ब्लॉक यांचा संग्रह २०१० ते २०१५ मध्ये हाँगकाँगला टप्प्याटप्प्यानं विकला गेला आणि त्यातली एक बाटली २०११ मध्ये अडीच कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेली. पण ती काचेवर इनॅमलनं चित्र रंगवलेली दरबारी बाटली होती, कोरीव ओव्हरले नव्हे, आणि तशा जगात मोजक्याच आहेत. तिच्या किमतीवरून तुमच्या बाटलीचा अंदाज बांधू नका. कोरीव बाटल्यांची किंमत ठरते ती कामावर, रंगाच्या दुर्मिळतेवर, आधी कोणाच्या संग्रहात होती यावर आणि स्थितीवर. स्थितीत एक गोष्ट खास तपासा, नक्षीचा एखादा भाग उडाला की तिथे घासून पॉलिश करून टाकतात, मग पान अर्धवट संपतं, माशाला एका बाजूचा पर नसतो, दोन बाजूंचा तोल जुळत नाही. चित्र अपुरं वाटलं तर ते तसंच काढलेलं होतं की नंतर झालं हे विचारा. रेझिन भरून दुरुस्ती केली असेल तर ती अतिनील टॉर्चखाली बऱ्याचदा वेगळी चमकते, त्या टॉर्चचा माझ्या कामात तेवढाच उपयोग, काळ ठरवायला नाही.

म्हणजे तुमच्यासाठी एवढंच की ४२,००० ला घेऊ नका. आवडलीच असेल, मासे आणि कमळं छान वाटत असतील, तर आजच्या कारागिराचं काम म्हणून आजच्या कामाच्या भावानं घ्या, बोशानमध्ये आजही चांगले हात आहेत आणि त्यांच्या कामाला त्यांच्या नावानं पैसे मिळावेत असं मला वाटतं, मेलेल्या बादशहाच्या नावानं नको. त्याआधी सेलरकडून चार गोष्टी मागा: खिडकीच्या तिरक्या उजेडात फिरवताना काढलेला छोटा व्हिडिओ, तळाच्या रिंगचा जवळून फोटो, तोंडाच्या कडेचा बूच काढून फोटो, आणि शेपटीसारख्या एखाद्या अरुंद भागाचा लेन्समधून फोटो. जो विक्रेता हे द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याशी व्यवहार नको. डोळा तयार करायला लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि तैपेईचं राजवाडा संग्रहालय यांच्या वेबसाइटवर मोठे फोटो फुकट बघायला मिळतात, रोज थोडे बघा आणि फक्त जमीन बघा. मुंबईला आलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा संग्रहातून आलेल्या चिनी वस्तू आहेत, तिथली जेडची कामं निवांत बघा, हत्यारं आणि पद्धत तीच असल्यामुळे कडा कशा हव्यात ते तिथे नीट कळतं.

राहिला आतला थर. नव्या बाटलीत तो चहा, रंग किंवा बुटाचं पॉलिश असतो, जुनेपणा दाखवायला लावलेला, आणि त्याचा वास बऱ्याचदा बूच काढताच कळतो. खरी जुनी तपकीर कोरडी, भुकटीसारखी किंवा काचेला कडक चिकटलेली असते आणि तिला मंद औषधी वास राहतो. ती असेल तर माझ्या मते राहू द्या, पारदर्शक काचेत फारच घाण दिसत असेल तरच काढा. काढायचीच झाली तर गरम पाणी अजिबात नको, दोन थरांची जुनी काच तापमानाच्या झटक्यानं तडकते. खोलीच्या तापमानाचं साधं पाणी, अगदी थोडं, आत भरून काही तास ठेवायचं, हळूच ओतायचं, गरज पडली तर परत तेच. आत तार, सुई, ब्रश घालून खरवडायचं नाही, वाळू किंवा तांदळाचे दाणे घालून खळखळवायचं तर मुळीच नाही, आतून ओरखडे पडले की ते निघत नाहीत. काचेच्या आत बारीक जाळीसारख्या भेगा दिसत असतील तर पाणीसुद्धा घालू नका, ती काच ओलाव्यानं आणखी बिघडते, अशी बाटली सरळ काचेचं काम करणाऱ्या कॉन्झर्व्हेटरकडे, म्हणजे जुन्या वस्तूंचं जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. धुतल्यावर तोंड खाली करून मऊ कापडावर दोन-तीन दिवस सावलीत ठेवा, पूर्ण वाळल्याशिवाय बूच लावू नका.